डावा चार, उजवा सहा

उघडलंच आहेत मला, तर घडीभर थांबा. मी एक वेबसाइट. कुठल्या बड्या कंपनीची नाही, आणि कुणा इंजिनिअरने घडवलेली तर नाहीच नाही. मला जन्म दिला एका केस कापणाऱ्या बाईने. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती आरशासमोरच्या खुर्चीत फोन घेऊन बसायची आणि मला थोडं थोडं वाढवायची.

तिला सगळे कात्रीताई म्हणतात. लहानपणीच्या आजारात तिचा डावा पाय वाढायचा राहून गेला. उजव्याला सहा नंबरचा बूट लागतो, डाव्याला चार. काम दिवसभर उभ्याचं, त्यामुळे सैल बुटात कापूस कोंबून भागत नाही. म्हणून दर वेळी एकाच प्रकारचे दोन जोड घ्यायचे, चारच्यातला डावा ठेवायचा आणि सहाच्यातला उजवा. उरलेले दोन बूट नवेकोरे, पण कुणाच्याच पायाचे नाहीत. असे बूट आधी कपाटात साठले, मग पलंगाखाली, मग माळ्यावर. तिची आई म्हणायची, "या घरात माणसं दोन आणि बिऱ्हाड बुटांचं."

कात्रीताईचं एकच म्हणणं होतं. कुठेतरी एखादी बाई असेलच, जिला नेमका डावा सहा आणि उजवा चार लागतो. तिला शोधायला एक वेबसाइट करून दे, असं टुमणं तिने धाकट्या भावामागे लावलं. भाऊ वेगळा राहणारा, कॉम्प्युटरच्या कामातला. तो "करतो गं ताई" म्हणायचा आणि मनापासून म्हणायचा, पण घरी आल्यावर त्याला स्क्रीनचं तोंडही बघवत नसे. शेवटी त्याने एक लिंक पाठवली. इथे कोडिंग लागत नाही, म्हणाला. हवं ते बोटाने धरायचं, ओढायचं आणि पाहिजे तिथे सोडायचं. तुझी तूच कर.

पहिले काही दिवस ती मला घाबरत घाबरतच हात लावायची. आपल्या हातून फोनच बिघडेल असं तिला वाटे. मग तिला तो मागे वळणारा बाण सापडला. तो दाबला की केलेलं सगळं पुसलं जातं आणि आधीचं परत येतं. तिला याचं फार अप्रूप वाटलं. तिच्या धंद्यात एकदा कापलेला केस परत लावता येत नाही. त्या दिवसापासून तिचा हात सुटला.

इतका सुटला की मी जांभळी झाले. जांभळ्यावर पिवळी अक्षरं आणि चारी कोपऱ्यांत लुकलुकणाऱ्या चांदण्या. मुळात मी एका फुलांच्या दुकानासाठी बनवलेला तयार साचा होते, त्यामुळे खाली बरेच दिवस "गुलदस्ता मागवा" असं एक बटण तसंच राहिलं होतं. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, तिने मला नाव दिलं, "जोडीदार हवा".

व्हायचं तेच झालं. स्वतःचं घर आहे, सुपारीचंही व्यसन नाही, उंची चांगली आहे, असे निरोप यायला लागले. एकाने तर पत्रिकेचा आग्रह नाही असंही कळवलं. कात्रीताईने कपाळाला हात लावला. आईने मात्र चष्मा लावून सगळे निरोप सावकाश वाचले आणि एकावर बोट ठेवलं. "हा बरा वाटतो. बुटाचा नंबर तरी विचार."

मग माझी दुरुस्ती झाली. नाव बदलून "बुटाला जोडीदार" झालं. चांदण्या गेल्या, गुलदस्ता गेला. साच्यात नंबर लिहायला एकच रकाना होता. तिने त्याच्या शेजारी दुसरा ओढून आणला, एकावर डावा लिहिलं, दुसऱ्यावर उजवा. खाली उरलेल्या बुटांचे फोटो लावले. नुसत्या बुटांचे. पाय कुठेच दिसू दिला नाही.

त्यानंतर बराच काळ कुणी फिरकलं नाही. आणि एके दिवशी कुणीतरी आलं आणि हे लिहून गेलं, "असे पाय असतील तर घरात बसावं. जगाला कशाला सांगावं?"

कात्रीताईने ते दोनदा वाचलं. मग ती मला कायमचं काढून टाकायच्या बटणापर्यंत गेली आणि तिने ते दाबलं. अशा वेळी मला एकच प्रश्न विचारता येतो. तो मी विचारला, "नक्की काढून टाकायची?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. फोन पालथा पडला. मला फक्त कात्रीचा आवाज ऐकू येत होता, एका लयीत, जरासुद्धा न अडखळता. गिऱ्हाईक गेल्यावर तिने फोन उचलला आणि "नको" दाबलं. मग बूट काढून दोन्ही पायांचा फोटो घेतला आणि माझ्या अगदी वर लावला. त्याखाली लिहिलं, "हे माझे पाय. यांच्यावर उभी राहून मी घर चालवते. तुमचे कसे आहेत?"

आता लोक लिहायला लागले. आणि एका सकाळी माझ्या दोन रकान्यांत आकडे पडले, डावा सहा, उजवा चार. पुढे लिहिलं होतं, "मी बस चालवते. उरलेल्या बुटांत आजवर रोपं लावत आले."

सुट्टीच्या दिवशी बसवाली रोपांतून वाचलेल्या बुटांची पिशवी घेऊन दुकानात आली. पुढचं सगळं कात्रीताईने नंतर माझ्यावरच लिहून ठेवलंय. दोघी समोरासमोर बसल्या आणि बूट घालून बघायला लागल्या. कात्रीताईने बसवालीच्या पिशवीतला बूट डाव्या पायात घातला, नाडी बांधली आणि दुकानभर चालून आली. बसवाली म्हणाली, "मला वाटायचं, मी एकटीच अशी." कात्रीताईने पुढचा बूट तिच्यापुढे सरकवला. आई दुकानामागच्या घरातून चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

तेव्हापासून दोघी खरेदीला बरोबर जातात. अडचण एकच, कात्रीताईला लाल आवडतो आणि बसवालीला काळ्याशिवाय चालत नाही. दुकानदाराला वाटतं, या भांडायलाच येतात. शेवटी तपकिरीवर तोड निघते, जोड दोन घेतले जातात, आणि बाकावर बसून त्या एकेक बूट बदलून घेतात. माळ्यावर आता काही जात नाही.

माझं म्हणाल तर बरं चाललंय. एका पायाची माणसं येतात, एकच बूट मागतात, दुसरा देऊन जातात. दर सहा महिन्यांनी पाय वाढणाऱ्या पोरांचे बाप येतात. भाऊ परवा म्हणाला, आता तुला नीट कोड लिहून नवी करून देतो. कात्रीताईने त्याला चहा पाजला आणि स्वतःच्याच बोटाने माझ्यावर एक नवा रकाना ओढून आणला.

तुमच्याही घरात एखादा एकटा बूट पडला असेल. टाकून देऊ नका, मला सांगा. आणि आता रजा द्या. सकाळीच एकाने लिहिलंय, "फक्त उजवा. नऊ नंबर. नाचायला हवाय, लवकर." मला त्याचा बूट शोधायचाय. येते मी.