गुरुवारचं एक ताट

स्वरूपाची नोकरी त्या आठवड्यात कॅन्टीनच्या एका पानावर टांगलेली होती. महाळुंग्याच्या त्या कंपनीत हजेरी, रजा, गेटपास, स्टोअर, कॅन्टीन असा सगळा कारभार एका जुन्या वेब ॲप्लिकेशनवर चालायचा. चौदा वर्षांपूर्वी स्टोअरच्या मालोजींनी पुस्तकं चाळत चाळत ते एकहाती लिहिलं होतं. दिसायला ओबडधोबड, पण कामाला वाघ. आताशा मात्र ते धापा टाकायला लागलं होतं, आणि मालोजी सोडून त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

बाहेरची एक पार्टी म्हणाली, चार दिवस सगळं बंद ठेवा, जुनं उपटतो आणि नवं बसवून देतो. सहा महिन्यांच्या काँट्रॅक्टवर आलेली स्वरूपा म्हणाली, काही बंद ठेवायची गरज नाही. जुनं चालू राहू दे, शेजारी नवं फ्रेमवर्क, म्हणजे नव्या कारभाराचा तयार सांगाडा, उभं करू आणि एकेक पान तिकडे नेऊ. घर बांधताना माणसं नाही का, आधी चूल नव्या घरात नेतात आणि अंथरुणं जुन्यातच टाकतात? लॉगिनचं दार एकच ठेवायचं. कॅन्टीन म्हटलं की नव्यात जायचं, बाकी सगळं जुन्यात, आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागायला नको.

प्लँटचे प्रमुख यशवंतराव हे शब्दाचे पक्के आणि बोलायला फटकळ. त्यांनी परवानगी दिली, पण अटीसकट.

"करा. पण या नव्यापायी एक जरी माणूस उपाशी राहिला, तर नवं बंद आणि तुमचं काँट्रॅक्टही तिथंच संपलं."

आता कॅन्टीन म्हणजे निरुपद्रवी पान, असं त्या पोरीला वाटलं. अहो, कारखान्यात पगार एक वेळ दोन दिवस उशिरा झाला तर चालतो, पण वरण पातळ झालं तर माणसं युनियन आठवतात. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पद्धत सोपी होती. उद्याचं जेवण आज चारच्या आत मोबाईलवर बुक करायचं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या दाराशी कार्ड टेकवलं की हिरवा दिवा लागतो आणि ताट मिळतं. सोमवारी नवं पान चालू झालं. सोमवार गोड गेला, मंगळवारही गेला. पान चटकन उघडतं, अक्षरं मोठी दिसतात, म्हणून लोकांनी कौतुक केलं. मालोजींनीसुद्धा चष्मा वर करून बघितलं आणि बरंय म्हणाले. मालोजींचं बरंय म्हणजे दुसऱ्याचा हार-तुरा. बुधवारी स्वरूपा तळेगावला घरी गेली ती स्कूटरवर गाणी म्हणतच.

गुरुवारी सकाळी सातला तिचा मोबाईल वाजला. रोज सकाळी ताटांचा आकडा कॅन्टीनच्या गवराबाईंना मेसेजने जावा आणि एक प्रत आपल्याला यावी, ही सोय तिनंच हौसेनं केली होती. मेसेज होता: आज ६१२ ताटं.

तिनं तो पुन्हा वाचला. गुरुवारी कुठली ताटं? अख्ख्या औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी लाइट जाते, कारखाने झोपतात. तिच्या वडिलांनी उभी नोकरी याच पट्ट्यात, याच सुट्टीवर काढली होती. सुट्टी गुरुवारची आणि गुरुवारी घरात मटण चालत नाही, हे त्यांचं तीस वर्षांचं दुःख होतं. इतकं सगळं ठाऊक असूनही तिनं ते कुठं लिहिलंच नव्हतं. मालोजींनी दिलेल्या कागदावरही "साप्ताहिक सुट्टी सोडून" एवढंच होतं. वार कुणी लिहिला नव्हता. इथं तो लिहायचा असतो हेच कुणाच्या डोक्यात येत नाही. फ्रेमवर्कला बिचाऱ्याला काय माहीत, त्यानं जगरहाटीप्रमाणं रविवार धरला. जुनं पान बुधवारी सरळ शुक्रवार दाखवायचं. नव्यानं गुरुवार दाखवला, आणि लोकांनी सवयीनं न वाचता बटण दाबलं. म्हणजे शुक्रवारी दाराशी सहाशे माणसं कार्ड टेकवणार आणि एकालाही हिरवा दिवा लागणार नाही.

तिनं आधी गवराबाईंना फोन लावला. गवराबाई महाळुंग्याच्याच, कंपनीच्या मागच्या आळीत राहणाऱ्या. चुलीवर काही ठेवू नका, असं ती धापा टाकत सांगायला लागली.

"पोरी, गुरुवारी कंपनी बंद असती हे माझ्या म्हशीलाबी ठावं हाय," गवराबाई म्हणाल्या. "मी ती ताटं उद्याचीच धरली."

जीव थोडा भांड्यात पडला. पण बुकिंग शुक्रवारवर सरकवायला हवं होतं, आणि सर्व्हर कंपनीच्या आत. तिनं स्कूटर काढली आणि पोहोचते तो लाइट गेलेली. पाचशिवाय येणार नाही. मग गेटवरच्या केबिनमध्ये बसून राहायचं ठरलं.

गेटवर सावळाराम होते. नऊ वर्षं गुरुवारची दिवसपाळी त्यांचीच. त्यांनी खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं आणि गावच्या यात्रेपासून नव्या उड्डाणपुलापर्यंत सगळा इतिहास ऐकवला. स्वरूपाचं मन हलकं झालं. एक वाजला तसे सावळाराम उठले, नळावर साबण लावून हात धुतले, टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि कॅन्टीनच्या दिशेनं बघत बसले.

थोड्या वेळानं त्यांनी संकोचत विचारलं, "ताई, ताट इथंच आणून देत्यात का तिथं जायाचं? मला काय म्हाईत न्हाई. गुरुवारची पहिलीच येळ हाय."

त्यांनी मोबाईल पुढे केला. गुरुवार, एक ताट, बुकिंग झालं. हेच ते. सहाशे अकरा माणसांनी न वाचता बटण दाबलं होतं आणि या एकट्यानं वाचून, समजून दाबलं होतं. कंपनी आता सुट्टीच्या दिवशी गेटवरच्या माणसालाही जेवण देते, असं समजून त्यांनी घरी सांगितलं होतं की आज डबा नको.

स्वरूपाच्या मनात पहिल्यांदा आलं ते आपलं काँट्रॅक्ट. एक जरी माणूस उपाशी, असं यशवंतराव म्हणाले होते, आणि तो माणूस हात धुऊन समोर बसला होता. मग त्या धुतलेल्या हातांकडे तिचं लक्ष गेलं आणि तिला स्वतःची फार लाज वाटली. चूक झाली म्हणून सांगायला तोंड उघडेना. आलेच, एवढंच म्हणून तिनं स्कूटरला किक मारली.

गवराबाई जेवायलाच बसत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं, मेथीची भाजी, आमटी, दोन भाकरी आणि ठेचा डब्यात भरला आणि पदर खोचून स्कूटरवर मागे बसल्या. डबा मी पोचवते, तुम्ही जेवा, असं स्वरूपानं परोपरीनं सांगितलं. बाई ऐकेनात. ताट त्यांच्या कॅन्टीनचं बुक झालं होतं, तेव्हा वाढणारही त्याच.

सावळाराम जेवले. मान खाली घालून, सावकाश, एकेक घास. शेवटी बोटं चाटत म्हणाले, "नऊ वर्सं झाली. गुरुवारी जेवलास का, असं कुनी इचारलंच न्हवतं." तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. गवराबाईंनी उरलेली आमटी त्यांच्या वाटीत ओतली.

पाचला लाइट आली, तिनं सुट्टीचा वार गुरुवार लिहिला आणि सहाशे अकरा ताटं शुक्रवारवर गेली. सावळारामांचं तेवढं तिनं गुरुवारवरच ठेवलं. शुक्रवारी हिरवे दिवे लागले, पंगती उठल्या, कुणाला कळलंही नाही. गप्प बसली असती तर पचलं असतं. पण जेवणानंतर ती आपणहून यशवंतरावांच्या केबिनमध्ये गेली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून मोकळी झाली.

त्यांनी विचारलं, सावळाराम कितीला जेवले. पावणेदोनला, ती म्हणाली. जेवणाची वेळ एकची होती. म्हणजे पाऊण तास उपाशी, यशवंतराव म्हणाले, आणि त्यांनी खिडकीतून गेटकडे बघितलं. स्वरूपानं मनातल्या मनात टेबलाचा खण आवरायला घेतला.

"तुमचं नवं पाऊण तास चुकलं," ते म्हणाले. "आमचं जुनं नऊ वर्षं. मी रोज याच गेटमधून जातो. जुन्याच्या बाकीच्या पानांवर अशी किती माणसं राहून गेलीत?"

माहीत नाही, ती म्हणाली. एकेक पान उघडून, त्या त्या माणसाशेजारी बसून बघावं लागेल.

"ते सहा महिन्यांत होईल?"

"नाही सर. वर्ष तरी लागेल."

यशवंतरावांनी फोन उचलला आणि एचआरला वर्षाच्या काँट्रॅक्टचं पत्र तयार करायला सांगितलं. मग तिला म्हणाले, गेटपासचं पान पुढचं घ्या आणि सोमवारपासून सावळारामांच्या शेजारी बसा.