उत्तरेकडचे टेकू

कृष्णकांतांनी पुठ्ठ्याच्या दहाव्या टेकूला खळ लावली आणि तो भिंतीला धरेपर्यंत दोन बोटांनी दाबून ठेवला. उंच भिंतीला बाहेरून हात देणारे असे कमानदार टेकू आता उत्तरेच्या बाजूला ओळीनं उभे होते.

पनवेलच्या त्या दोन खोल्यांत टेबलभर गॉथिक कॅथेड्रल, म्हणजे जुन्या युरोपी धाटणीचं उंच चर्च, उभं झालं होतं. निमुळती शिखरं, टोकदार कमानी, पावसाचं पाणी ओकणारी राक्षसतोंडी पन्हाळं, आणि दर्शनी गोल खिडकीला मखरातून उरलेला जिलेटिन कागद. तळोज्याच्या कारखान्यात नकाशे काढण्यात त्यांची नोकरीची वर्षं गेली आणि घरच्या गणपतीची मखरं करण्यात हौस भागली. पत्नी सुमतीबाई गेल्या, तशी मखरंही थांबली. घर खायला उठायचं.

हे कॅथेड्रल मुलाच्या, सत्यजीतच्या जर्मनीतल्या गावातलं. पूर्वी त्याचा रविवारचा फोन दोन मिनिटांत आटपायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवू? मग म्हाताऱ्यानं शक्कल काढली. दर रविवारी कॅथेड्रलचा एखादा फोटो मागायचा. त्या निमित्तानं पोरगा तिथवर जातो, बापासाठी भिंती न्याहाळतो आणि चांगला वीस मिनिटं बोलतो. खरं तर सगळे आराखडे त्यांनी केव्हाच नेटवरून काढून झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले होते. आपल्या या लबाडीवर ते मनातून खूश होते.

चारच्या सुमारास फोटो आला आणि पाठोपाठ फोन.

"मिळाला ना, बाबा? आजच सकाळी काढला. हात नुसते गारठले."

कृष्णकांतांनी फोटो मोठा केला. जानेवारी चालू होता. फोटोतली झाडं पानांनी गच्च भरली होती, आणि बाकावर बिनबाह्यांच्या झग्यातली एक बाई आइस्क्रीम खात होती.

आधीचे फोटो उघडून बघायची त्यांची छाती झाली नाही.

"छान आलाय," ते म्हणाले. "पण झाडांमुळे टेकू नऊ की दहा, ते कळत नाही. पुढच्या रविवारी मोजून सांगशील?"



"जातो, बाबा," सत्यजीत हळूच म्हणाला. "खरंच जातो."

फोन ठेवल्यावर कृष्णकांतांनी खळ वाळायच्या आत दहावा टेकू अलगद सोडवला आणि पुढच्या रविवारपर्यंत डब्यात ठेवून दिला.