न सुजलेला हात

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी हसायला नको. बोटाला साधं खरचटलं तरी मला धनुर्वात दिसायला लागतो. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, भीती ठाऊकच नाही. माझ्या वाट्याची हिंमतसुद्धा तिने आधी जन्माला येऊन उचलली असणार, असं मी चिडले की म्हणते.

आमचं दोघींचं सोफे दुरुस्तीचं दुकान आहे. जुनं कापड उसवायचं, आतला सडका काथ्या काढायचा, स्प्रिंगा ताणायच्या, नवा फोम घालून वर कापड शिवायचं. सोफ्यांच्या पोटात काय काय सापडतं ते सांगत नाही, जेवताना आठवेल. हे काम दाभणाचं, आणि दाभण हाताला लागतंच. त्यासाठी बाबांनी घालून दिलेला नियम होता. लागलं की धुवायचं, पिळायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. सुजलं तर डॉक्टर, नाही सुजलं तर काम. या नियमावर आमच्या दोन पिढ्या निभावल्या.

त्या दिवशी कुठल्याशा ऑफिसचा मोठा सोफा आला होता. आत उंदरांनी संसार थाटला होता. मी काथ्या उपसत होते, तेवढ्यात आत मोडून राहिलेलं गंजकं दाभण माझ्या बोटात घुसलं. "सरक, तुला नाही जमायचं," म्हणत ताईने तो तुकडा ओढला आणि तो तिच्याच तळहातात गेला, अंगठ्याच्या मुळाशी, माझ्यापेक्षा कितीतरी खोल. तिने हात धुतला, पिळला आणि पुन्हा कात्री उचलली. मी नळाखाली बोट धरून उभीच राहिले.

दुसऱ्या दिवशी माझं बोट लालबुंद. हात लावला तर चटका बसावा इतकं गरम, टम्म सुजलेलं, आणि असं ठणकत होतं की सुई धरवेना. दुपारपर्यंत काखेत गाठ आली. माझी पाचावर धारण बसली. हात कापावा लागणार, मग मी जेवणार कशी, वेणी कोण घालणार, इथपर्यंत मी पोचले होते.

"हे बघ," ताईने आपला तळहात माझ्यापुढे धरला. एक काळा ठिपका, बस्स. लाली नाही, सूज नाही. "सुंठीवाचून खोकला गेला. तुझं रक्तच रडकं."

मला तिचा हेवा वाटला. खरं तर वर्षभरापूर्वी तिच्या हातांची दशा बघवत नव्हती. सांध्यांचा आजार जडला होता. बोटं सुजून वाकडी व्हायची, सकाळी चहाचा कप उचलवत नसे. अंगातले पहारेकरीच तिच्या सांध्यांवर उलटलेत, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. कुंपणच शेत खायला लागलं होतं म्हणा ना. त्या पहारेकऱ्यांना आवरायला त्यांनी एक गोळी दिली. महिन्या-दोन महिन्यांत बोटं सरळ झाली आणि ताई पुन्हा माझ्यावर ओरडत भराभर शिवायला लागली. एवढ्यात तिचं तोंड आलं होतं, तिखट खाववत नव्हतं. पण तोंड काय, कोणाचंही येतं.

दोन दिवस मी ठणका सहन केला. तिसऱ्या दिवशी ताईच म्हणाली, "चल बाई डॉक्टरकडे, तुझं कण्हणं ऐकून माझे टाके चुकतायत." टाके खरंच चुकत होते. सकाळी तिने एका उशीला दोन वेळा तीच बाजू शिवली होती. वाटेत तिने मला "कुठे निघालोय आपण?" असं विचारलं. मला वाटलं चेष्टा करतेय, म्हणून मी फणकाऱ्याने बोललेच नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझं बोट उलटंसुलटं करून पाहिलं आणि चक्क समाधानाने मान डोलावली.

"छान चाललंय," त्या म्हणाल्या.

"छान?"

"अहो, लाली, सूज, ठणका हा बंदोबस्त आहे. घाण आत शिरली की तिथल्या पेशी बोंब मारतात. रक्तवाहिन्या रुंद होतात, रक्त धावतं, म्हणून लाल आणि गरम. मग नळ्यांच्या भिंतींमधून पाणी पाझरतं आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, म्हणून सूज. त्या जंतूंना गिळतात आणि तिथेच मरतात. पू म्हणतो ना आपण, तो म्हणजे बहुतेक त्याच. त्यांना कोणी शिकवावं लागत नाही, जन्मल्यापासून पहाऱ्यावर असतात. काखेतली गाठ म्हणजे पुढची चौकी. चीर देते, औषध देते, बरं होईल."

माझा जीव भांड्यात पडला. ताई हसली.

"मग माझ्याकडे कोणीच कसं आलं नाही हो?" असं म्हणून तिने आपला तळहात टेबलावर ठेवला. "हिच्या दुप्पट खोल गेलंय."

डॉक्टरीणबाईंनी तो काळा ठिपका दाबला. ताईने हूं की चूं केलं नाही. बाईंनी तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. मग पहिल्यांदा मी ताईकडे नीट पाहिलं. कपाळावर घाम, ओठ पांढरे, आणि पंख्याखाली बसून ती हळूहळू थरथरत होती.

"कुठली औषधं चालू आहेत?"

ताईने गोळीचं नाव सांगितलं.

"आठवड्यातून एकदाच ना?"

ताईने मोकळ्या हाताने पदर सावरला. मग म्हणाली, "आधी एकदाच. बरं वाटायला लागलं, मग कामाचा जोर असला की एखादी जास्त."

"आणि आता?"

"रोज."

मी ओरडणार होते, पण थांबले. कारण मला तिचं डोकं कसं चाललं ते लख्ख कळलं. बैठक बसकी वाटली की आम्ही आणखी एक थर घालतो. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या थरापेक्षा ताई एक जास्तच घालते आणि त्याचं नाव झालंय. गोळीलाही तिने तोच न्याय लावला होता.

रुग्णालयात रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. त्या जिथे तयार होतात तो हाडांतला कारखानाच गोळ्यांनी बंद पाडला होता. हात सुजला नव्हता, कारण सुजवायला कोणी उरलं नव्हतं. उंदरांची ती घाण तळहातातून सरळ रक्तात शिरली होती आणि तिला वाटेत कोणी अडवलं नव्हतं.

"वाचेल ना?" मी विचारलं.

"जंतूंवरची औषधं चालू केलीत, गोळीचा उतारा दिलाय, कारखाना सुरू व्हायला इंजेक्शनं देतोय," तिथले डॉक्टर म्हणाले. "पण औषधं एकटी लढत नाहीत. तिच्या पेशी यायला हव्यात." "हो, वाचेल," असं काही ते म्हणालेच नाहीत.

मग आले ते दिवस वैऱ्यावर येऊ नयेत. मास्क बांधून मी तिच्या खाटेशी बसायचे आणि तिचा तळहात बघायचे. गोरा, थंड, सपाट. इतका शांत हात बघून कोणाला भीती वाटेल का? मला वाटायची. माझं चीर दिलेलं बोट तोवर वाहून, सुकायला लागलं होतं. त्याची मला लाज वाटायची. रोज रक्त नेत, रोज पांढऱ्या पेशींचा आकडा तिथेच. ताई तापात बरळायची, कधी मला आई म्हणायची. एकदा भावोजी, ताईचे यजमान, आले, तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "हात तरी बरा दिसतोय गं, अजिबात सूज नाही." मी त्यांच्यावर अशी खेकसले की नर्सने मला बाहेर काढलं. बाहेर मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि पहिल्यांदा ती गेल्यानंतरचं दुकान मला दिसलं. दोन खुर्च्या, त्यातली एक रिकामी. मी डोळे मिटून घेतले तरी ती खुर्ची दिसत राहिली.

आकडा हलला त्या सकाळी मी नेहमीसारखी तिच्या हाताकडे वाकले. अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी वेगळं वाटलं. डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून खिडकीचा पडदा सरकवला. ठिपक्याभोवती गुलाबी कडं उमटलं होतं. बोट टेकवून पाहिलं, तर गरम लागलं.

ताईने हात झटकन मागे ओढला. "मेले, दुखतंय ना."

दुपारपर्यंत तळहात फुगला, लाल झाला, आणि ताई, जिने जन्मात कधी आई गं म्हटलं नव्हतं, ती उशीत तोंड खुपसून रडायला लागली. "नर्सला बोलव. ठणका सहन होत नाही. बोलव ना गं."

"बोलावते," मी म्हटलं.

पण मी लगेच उठले नाही. थोडा वेळ तशीच बसून तिचं कण्हणं ऐकत राहिले.