छतावरची बदकं

सतरा वर्षांची ती मुलगी आमचं घर बघायला आली, तेव्हा मी पायपुसणं पुन्हा एकदा झटकत होते. बरोबर तिची मावशी होती. मावशी तिला भिंगरी म्हणायची, आणि आठव्या महिन्याचं पोट घेऊनही ती खरंच एका जागी ठरत नव्हती. नळ सोडून बघितला, दार करकरतंय का बघितलं, माझ्याकडेही तसंच बघितलं. बाळ कुणाला द्यायचं ते तीच ठरवणार, असं दत्तक संस्थेच्या बाईंनी सांगितलं होतं. मी फडताळातल्या बरणीसारखी उभी होते.

माझी सगळी भिस्त बाळाच्या खोलीवर. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्याने चारही भिंतींवर डोंगर, झाडं, एक लाजरा हत्ती काढून ठेवला होता. मावशी हरखली. भिंगरी मात्र हळूहळू खाली बसली आणि फरशीवर उताणी झोपली.

"अगं ए, काय चाललंय?"

"बाळ काय उभं राहून बघणार आहे का, मावशी? ते असंच पडून असणार." तिने वर बोट केलं. "वर तर नुसती ओल आहे."

आम्ही माना वर केल्या. छताला चहा सांडल्यासारखा डाग. इतके दिवस खपलो, पण वर बघायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. संपलं, मला वाटलं.

"काय काढू?" नवऱ्याने गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं.

"पाणी," ती म्हणाली. "आता पाण्यातच आहे ना ते. बाहेर आल्यावर एकदम कोरडं नको वाटायला. तळ्याच्या तळाशी झोपून वर बघितलं तर दिसेल, तसं. बदकं काढा, पण खालून. नुसते पाय."

मग तिला उठताच येईना. एका हाताला मावशी, दुसऱ्याला मी, पाठीशी नवरा. "कपाट हलवतोय की काय आपण!" मावशी म्हणाली, आणि हसता हसता भिंगरी पुन्हा खाली घसरली.

पुढच्या भेटीपर्यंत छताचं पाणी झालं होतं. हिरवट उजेड, माशांची पोटं, एका होडीचा तळ, बदकांचे केशरी पाय. भिंगरी आडवी झाली, तशी मीही तिच्या शेजारी झाले. खिडकीतलं ऊन हललं की पाणी हलायचं. स्वयंपाकघरातलं मावशीचं बोलणं दूरच्या काठावरून आल्यासारखं वाटत होतं.

"कोपऱ्यात फोन नंबर कसला?"

नवऱ्याने जीभ चावली. पाटी पुरी झाली की खाली घरचा नंबर टाकायची त्याला सवय. हात आपसूक गेला होता. "पुसतो लगेच."

"राहू दे हो. बदकांना लागला तर?"

निघताना ती मावशीला एवढंच म्हणाली, "इथेच."

बाळ आमच्याकडे आलं. त्याला बघायचं नाही, असं तिनेच ठरवलं होतं. पण मन बदलायला तिला दोन महिन्यांची मुदत होती, आणि फोन वाजला की मी आधी पाळण्याशी जाऊन उभी राहायचे. बाळ बदकांचे पाय बघायचं आणि मी बाळाला.

मुदत संपत आली असताना एका दुपारी फोन वाजला.

"ताई, मी."

मी पाळण्याचा कठडा घट्ट धरला. "नंबर कुठून मिळाला तुला?" तोंडातून भलतंच निघालं.

"पाठ झालाय. दुसरं काय होतं तिथे वाचायला?" ती म्हणाली. "घाबरू नका. न्यायला नाही येत मी."

मी कठडा सोडला.

"काल घरी फरशीवर आडवी झाले होते. उठलेसुद्धा, आपली आपण. कुणाला ओढायला लागलं नाही." मग तिने हळूच विचारलं, "पाय दिसतात का हो त्याला?"

मी बाळाला घेऊन खाली आडवी झाले आणि फोन आमच्या मधे ठेवला. ऊन हललं. वरचं पाणी हललं.

"बघतंय," मी म्हटलं. "होडीजवळच्या बदकाकडे."

"ते जरा हळू पोहतं," ती म्हणाली.