बर्फ कारखान्याचे तीन फोन

हर्णे बंदरातल्या बर्फ कारखान्याच्या ऑफिसात तीन फोन होते आणि तिन्हींना नसीमा एकटी पुरून उरायची. जुना टेलिफोन होड्यांसाठी, एक मोबाइल चिपळूण-रत्नागिरीच्या मासळीच्या गाड्यांसाठी, दुसरा बाकी सगळ्यांसाठी: खानावळी, लग्नाचे केटरर, कुल्फीवाले. तिन्ही एकदम वाजले की आधी होडी, मग गाडी, मग इतर. गाडी तासभर उभी राहिली तरी बिघडत नाही. ओहोटी लागली की होडी धक्क्याला येऊ शकत नाही आणि बर्फ चिखलातून डोक्यावर न्यावा लागतो.

ऐन हंगामात नसीमाचा आवाज बसला तो उठेचना. चिपळूणच्या डॉक्टरांनी घशातली गाठ काढली. गाठ साधी निघाली. पण त्यांनी बजावलं, महिनाभर तोंडातून शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही.

कारखान्याचे मालक अझीमशेठ भला माणूस. म्हणाले, "घरी बस नसीमाबाय. पगार चालू राहील. सोमवारपासून माझी भाची अलफिया बसेल फोनवर."

नसीमाने मान डोलावली. पगाराची तिला काळजी नव्हती, खुर्चीची होती. अलफिया हुशार, आवाज गोड. महिन्याभरात बंदर तिला सरावलं, तर परत येऊन 'ऊठ' कोणत्या तोंडाने म्हणायचं? आणि नवरा गेल्यापासून नसीमाचं घराबाहेरचं जग म्हणजे या फोनवरची माणसंच होती.

शनिवारी ती टेबलावर राहिलेला चष्मा न्यायला गेली. शेठ दोन कानांना दोन मोबाइल लावून बसले होते. एकाचं उत्तर दुसऱ्याला जात होतं: कुल्फीवाल्याला सांगत होते, "गाडी मागच्या दाराला लाव," आणि गाडीवाल्याला, "अर्धीच लादी मिळेल." टेलिफोन कोकलत होता. नसीमाच्या हाताला राहवलं नाही. तिने रिसीव्हर उचलला.

"झोपलात काय रे सगळे?" पलीकडे भागोजी, एका होडीचा तांडेल. त्याचं बोलणं म्हणजे निम्मी शिवी. "पाणी उतरायला लागलं! बर्फ आहे की नाही?"

नसीमाने तोंड उघडलं आणि मिटलं. हातात पेन होतं. तिने बोलायच्या जाळीवर ते एकदा आपटलं.

"कोण आहे? काय आपटतंय?"

परत एकदा, टक.

भागोजीचा आवाज खाली आला. एरवी तो ओरडूनच बोलायचा. "नसीमा? तूच काय गो?"

टक.

"डॉक्टरने तोंड बंद केलंय म्हणतात ते खरं तर. बरं, ऐक. एकदा वाजवलंस तर हो, दोनदा तर नाही, तीनदा तर थांबा. कळलं? होडी लावू धक्क्याला?"

टक.

"दहा लाद्या मिळतील?"

टक टक.

"आठ?"

टक.

"लावतो. बघ, बोलत नाहीस तर किती लवकर काम झालं!" हसतच त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी मासळीच्या लिलावात भागोजीने हे वाळूवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला सांगितलं, आणि त्याचं सांगणं अर्ध्या बंदराला ऐकू जातं. रविवारी सकाळी नसीमा कुणाला न विचारता खुर्चीत येऊन बसली. पहिला फोन आला तो असा: "नसीमाबाय, होडी लावू? हो की नाही, तेवढंच वाजव." चिपळूणचा गाडीवाला, जो आजवर आधी गाऱ्हाणं सांगायचा आणि मग काम, तोही एकेक प्रश्न नीट विचारू लागला. तीनदा टकटक ऐकली की माणसं खरोखर थांबत. एका केटररला काही उमगलं नाही, तेव्हा शेठ उठून त्याच्याशी बोलले.

दुपारी शेठनी अलफियाला फोन लावला. "येऊ नकोस बेटा. इथे जागा रिकामी नाही."

नसीमाने मान खाली घातली. डोळे पुसायला पदर घ्यावा, तर एक हात टेलिफोनवर, दुसऱ्यात पेन.

महिना सरला. डॉक्टरांनी तपासून बोलायची परवानगी दिली, पण आवाज पहिला राहिला नव्हता, जाडा आणि खरखरीत झाला होता. दुसऱ्या दिवशी टेलिफोन वाजला. "होडी लावू गो?" पलीकडे भागोजी.

"लावा होडी, भागोजीकाका," ती म्हणाली.

"कोण बोलतोय रे? नसीमाला दे."

"मीच आहे."

पलीकडे भागोजी खो खो हसला. मग, "पोरी, तुझा आवाज तर माझ्यासारखा झाला गो!"

"चालेल ना?"

"न चालायला काय झालं? बर्फ किती आहे ते सांग."

दोन्ही मोबाइल एकदम वाजायला लागले. तिने आजवर होडीवाल्याला कामापलीकडे एक वाक्य कधी ऐकवलं नव्हतं. "बर्फ हवा तेवढा आहे. पण आधी ऐका, काका. त्या शनिवारी तुम्ही फोन आपटला असता, तर आज या खुर्चीत दुसरं कुणी असतं. तुमचे उपकार आहेत."

"पाणी उतरतंय गो..."

"उतरू दे थोडं. अजून सांगायचंय."

अझीमशेठ जागचे उठले आणि दोन्ही मोबाइल उचलून बाहेर ओट्यावर गेले.