माझ्या गाडीतला कॅम

मला कुनी म्हातारी म्हनलं तर राग येत न्हाई, पन माझ्या गाडीला म्हनलं की येतो. आन समर्थनं नेमकं तेच म्हनलं. "काकू, तुझी सीडी म्हातारी झाली आता. भंगारात घाल आन दूध आमच्यासंगं देत जा, मी टाकत जाईन डेअरीला." हे तो गाडी पुसता पुसता बोलला. त्याची गाडी, माझी न्हाई.

दोन्ही गाड्या सारख्याच जुन्या हायत, हे आधी सांगते. आमच्या मालकांनी, म्हंजे भिमाजींनी, सीडी हंड्रेड मोटरसायकल घेतली तवा त्यांच्या थोरल्या भावानं, श्रीमंत भाऊजींनी, तिचीच बहीन एसएस घेतली. दिसायला जरा वेगळी, पन इंजिन तेच. समर्थ भाऊजींचा पोरगा. त्यानं बापाची गाडी गोठ्यातनं काढली, रंगवली, मोबाईलवर तिचे व्हिडिओ टाकले, तर ती झाली व्हिंटेज. मी रोज सोनईला दूध नेते ती भंगार. हा कुठला न्याय म्हनायचा?

मालक गेले तवा मी गाडी शिकले. साडीवर त्यांचाच फुल बाह्यांचा शर्ट घालून. गाव हसलं. जाऊबाई पदर तोंडाला लावून हसल्या. हसू दे. त्या गाडीमुळं मला कुनाच्या दारात 'जरा माझं दूध नेता का' म्हनत उभं ऱ्हावं लागत न्हाई. माझ्या दुधाचं फॅट माझ्या डोळ्यांदेखत लागतं. गाडी बसली की मी परत दुसऱ्याच्या तोंडाकडं बघनारी बाई, येवढं साधं हाय.

गेल्या महिन्यात मी लेकीच्या बाळंतपनाला राजूरला गेल्ते. गाडीची चावी नेहमीसारखी जाऊबाईंकडं. गाईंचं बी त्यांनीच बघितलं, म्हनून येताना त्यांना लुगडं आनलं. आले, कॅन अडकवले, किक मारली, आन ऐकते तर इंजिनात कुनीतरी सुपारी फोडतंय. पाटाच्या चढाला गाडी निम्म्यातच मेली. दोन कॅनांसकट ढकलत नेली मी ती. मागं एक ट्रॅक्टरवाला हुता, त्यानं उतरायची तसदी घेतली न्हाई, नुसता बघत बसला. घरी येऊन समर्थला सांगितलं, तर त्यानं ते म्हातारीचं पुरान लावलं.

मग मी सोनईला कानिफनाथ मेस्तरीकडं गेले. त्यानं वरचं झाकन खोललं. इंजिनाच्या डोक्यात एक दांडा असतो, त्याला कॅम म्हनत्यात. त्याच्यावर दोन उंचवटे असत्यात, त्यांनी इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडत्यात आन मिटत्यात. ते उंचवटे झिजले की गाडीचा दम गेला. दिवाळीच्या आधी त्यानंच माझ्या गाडीला नवा कॅम घातला हुता. आता तसा अस्सल सहजी मिळत न्हाई, नगरला कुठल्या तरी जुन्या दुकानातनं हुडकून आनलेला. मी त्या दांड्यावर बोट फिरवलं. उंचवटे पार सपाट, आन वर खरखरीत.

"मावशी, ह्यो मी घातलेला न्हाई," तो म्हनला. "आन ही झाकनाची लाल पेस्ट बी माझी न्हाई. कुनीतरी खोललंय."

"कुनी?"

तो पाना पुसत बसला. "मला घरच्या भांडनात घालू नका. येवढंच सांगतो, हिचा कॅम एसएसला बसतो आन एसएसचा हिला."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

दुसऱ्या दिवशी धार काढली, कॅन भरले आन तसेच घेऊन भाऊजींच्या अंगनात जाऊन उभी ऱ्हायले. नगरला त्या दिवशी जुन्या गाड्यांची रॅली हुती. समर्थ गॉगल लावून तयार. भाऊजी ओट्यावर चहा पीत हुते, जाऊबाई दारात.

"समर्थ, माझा कॅम कुठाय?"

त्यानं माझ्याकडं न्हाई, बापाकडं बघितलं. म्हंजे भाऊजींना बी म्हाईत हुतं. मला पोराचं येवढं वाईट वाटलं न्हाई, जेवढं ह्याचं वाटलं.

"बायडा, सकाळी सकाळी काय काढलंस?" भाऊजी म्हनले. "पोरानं अदलाबदल केली. घरातल्या घरातच हाय, बाहेर कुठं गेला?"

"तुला तर डेअरीपतुरच जायचं असतं," जाऊबाईंनी जोड दिली. "त्याला पार नगरला जायचंय."

घरातल्या घरात. हे ऐकून माझे कान किटलेत. वाटन्या झाल्या तवा चांगली मोटर तिकडं, जळकी माझ्याकडं, घरातल्या घरात. दुभती म्हैस तिकडं, भाकड इकडं, घरातल्या घरात. मालक हुते तवर तेबी म्हनायचे, जाऊ दे, थोरला भाऊ हाय. पन ह्या घरात जे जे झिजतं ते फिरून माझ्याच अंगनात कसं येतं? कधी माझं झिजलेलं तिकडं गेलं का? मी हे समदं तिथं बोलून दाखवलं, आवाज चढवून बोलले, शेजारच्या वस्तीवरली मानसं बांधावर येऊन उभी ऱ्हायली तरी थांबले न्हाई.

समर्थ लाडात येऊन जवळ आला. "काकू, येवढं काय मनाला लावून घेतीस? काका असते तर हसत हसत दिला असता."

"व्हय, दिला असता," मी म्हनलं. "पन काका असते तर तू मागितला असतास."

समर्थनं गॉगल काढला आन हातात धरून उभा ऱ्हायला. जाऊबाई म्हनल्या, चहा टाकू का तुला. आत्ता चहा आठवला ह्यांना.

कॅम काढून परत बसवायचा म्हंजे कानिफनाथचा अर्धा दिवस, आन दूध काय थांबत न्हाई. मी कॅन उचलले आन समर्थच्या गाडीला दोन्हीकडनं अडकवले. कडीनं नवा रंग खरवडला, तो आवाज समद्यांनी ऐकला. चावी गाडीलाच हुती.

भाऊजी कप खाली ठेवून उठले. "बायडा, अगं, निदान इचारायचं तरी."

लग्न होऊन आल्यापासनं त्यांच्यापुढं मी मान वर केली नव्हती. आता डोक्यावरनं पदर पडला हुता, तो सावरायला बी हात मोकळा नव्हता.

"इचारते की, भाऊजी. दूध घालायला ही गाडी नेऊ का?"

"बाबा, रॅली..." समर्थ पुटपुटला.

भाऊजींनी त्याच्याकडं बघितलं न्हाई. मग "ने" म्हनले, येवढ्या बारीक आवाजात की जाऊबाईंनी इचारलं, काय म्हनला.

मी किक मारली. गाडी एका किकमधी चालू झाली, कसलाच आवाज न्हाई. का असावा? आत माझा कॅम हुता. माझीच वस्तू, आन तिच्यासाठी मलाच परवानगी मागावी लागली. डेअरीत पोचले, कॅन उतरवले आन फॅट माझ्या डोळ्यांदेखत लावून घेतलं.