एकोणीस खाचांचा दांडा

मी दांडा बोलतोय. होय, तोच, कुऱ्हाडीचा! ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण तुम्ही शाळेत घोकली असेल. ती माझ्यासारख्यांवरूनच पडली.

माझा जन्म याच डोंगरावरचा. एका जुन्या झाडाची सरळ, चिवट फांदी म्हणजे मी. लाकूडतोड्यानं मला तासलं, काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केलं आणि पात्यात ठोकून बसवलं. पहिला घाव कोणावर घातला? माझ्याच आईवर. मोठं झाड आडवं झालं की तो माझ्या अंगावर एक खाच पाडायचा. खाली शहरात आमच्या लाकडावर पावाच्या भट्ट्या धगधगत होत्या आणि वर आम्ही दोघं डोंगर बोडका करत होतो. तेव्हा मला त्याचाही तोरा होता, खोटं कशाला सांगू?

एकोणिसावी खाच पडली त्या वर्षी पायथ्याचा झरा आटला. लाकूडतोड्याची बायको टेकडीपलीकडून पाणी वाहू लागली. एके दिवशी तिनं रिकामा हंडा त्याच्यापुढे आदळला.

“एवढे हात चालतात ना तुमचे? मग जा, आता पाणी तोडून आणा!”

दुसऱ्या दिवशी त्यानं पातं काढून माळ्यावर टाकलं आणि तो रोपं लावणाऱ्या टोळीत जाऊन उभा राहिला. दोन रोपांत अंतर तीन दांडे, म्हणजे मीच तीनदा! पुढं मला रोपाशेजारी धरून ते कितव्या खाचेला लागलं, तेही तो बघायचा.

आता तो म्हातारा झालाय आणि मी त्याची काठी. सुटीच्या दिवशी शेवटच्या थांब्यावर बस रिकामी होते आणि पाठीवर पिशव्या लावलेली शहरातली माणसं आमच्यामागून जंगल चढतात. पुढे मी, मग तो, मग ही सगळी वरात! निसरडा दगड आधी मी चाचपतो. या खाचा कसल्या, असं कोणी विचारलं की म्हातारा सांगायचा, “हात निसटू नये म्हणून.” खाचांपेक्षा मला या थापेचीच जास्त लाज वाटायची.

गेल्या खेपेला त्याची नात सोबत होती. झऱ्यापाशी (तो पुन्हा वाहतोय बरं का!) एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही होतात म्हणून हे जंगल राहिलं.” नात फुशारली. म्हाताऱ्यानं मात्र अंगठा माझ्या खाचांवरून फिरवला. खरं बोलावं तर नातीच्या मनातून उतरायची भीती.

“बाई, हे जंगल मीच तोडलं होतं,” तो म्हणाला. “या एकोणीस खाचा म्हणजे एकोणीस मोठी झाडं. लहान किती, ते मोजलंच नाही.”

नातीनं मला त्याच्या हातातून घेतलं, एकेक खाच बोटानं चाचपली. मला वाटलं, आता देते दरीत भिरकावून! पण तिनं मला शेजारच्या झाडाला टेकवून उभं केलं. माझं डोकं त्याच्या पहिल्या फांदीलाही पोचेना.

“हे तुम्ही लावलंत, आजोबा?”

“हो.”

“मग याचा दांडा नाही करायचा. कधीच.”

“नाही करणार, बाळा.”

तिनं मला परत त्याच्या हातात दिलं. “चला, लोक थांबलेत.”

आता मी झिजलोय, टोकही फुटलंय. एकच मागणं आहे. मोडलो तर चुलीत घालू नका, त्या झाडाच्या मुळाशी पुरा. आणि ती म्हण मुलांना खुशाल शिकवा, ती खरीच आहे. फक्त एकदा त्यांना इथं आणा आणि वर बघायला सांगा. माझं गोत उभं आहे.